भांड्यांवरचं नाव

"स्वप्नाली म्हणजे कोण?" माल ताब्यात घ्यायला कोर्टाने पाठवलेल्या रिसीव्हर मॅडमनी तांब्याचा टोप उलटा करून विचारलं.

"मी," मी म्हटलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टोपाकडे. टोपाच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत 'स्वप्नाली डेकोरेटर्स, बेलवली' असं घातलेलं होतं. शेजारच्या टोपावर तेच, परातींवर तेच, आणि माणूस आत बसेल एवढ्या मोठ्या डेगीवरही तेच. आमच्या गोडाऊनच्या त्या भिंतीला लागून जेवढी भांडी होती तेवढ्यांवर माझं नाव होतं. लहानपणी मला त्याचा फार अभिमान वाटायचा. त्या दिवशी वाटलं, कानस घ्यावी आणि एकेक अक्षर खरवडून काढावं.

"ही भांडी आमची नाहीत, मॅडम," पप्पा म्हणाले. "गावकीची आहेत. आमच्या गावाची."

"मग नाव तुमच्या धंद्याचं कसं?"

"नाव मी घातलं. हरवू नयेत म्हणून."

"साईं, ऐसे तो सब बोलते हैं," खुर्च्या बघत फिरणारे शेठ मध्येच म्हणाले. ते उल्हासनगरच्या बाजारातले, जुना माल घेणारे. किंमत सांगायला मॅडमनी त्यांना बरोबर आणलं होतं. त्यांनी डेगीवर बोटांनी टकटक केलं आणि खुशीत मान हलवली. "तांबा असली है. वजन पे जाएगा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर ऐन लगीनसराई चालली होती. बेलवलीच्या नाक्यावर कुणाचा तरी बँजो सकाळपासून वाजत होता, आणि आमच्या गोडाऊनमध्ये नवरा-नवरीच्या खुर्च्यांची पाठ दाबून एक परका माणूस आतला स्पंज तपासत होता. त्यात त्या बिचाऱ्याची चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण राग काही चूक कोणाची ते बघून येत नाही.

पप्पांचं दिवाळं एकदा नाही, दोनदा निघालं. पहिल्या वेळी जरा इज्जतीने निघालं. लॉकडाऊनच्या आधी त्यांनी कर्ज काढून स्टेज उभारायचे लोखंडी ट्रस, लाइटिंग, एलईडीची भलीमोठी भिंत असं सगळं घेतलं होतं. मग लग्नं घरातल्या घरात उरकायला लागली. सगळं जग घरात बसलं, व्याज तेवढं बसलं नाही. शेवटी कल्याणच्या कोर्टात अर्ज केला. तिथे सगळे घेणेकरी एकत्र आले आणि ठरलं की देण्यातला काही भाग पप्पांनी महिन्याच्या महिन्याला हप्त्याने फेडायचा. माल पप्पांकडे राहील, धंदा चालू राहील, हप्ता चुकवायचा नाही. त्या दिवशी पप्पा घरी आले ते पेढे घेऊन. दिवाळं निघाल्याचे पेढे वाटणारा माणूस उभ्या बदलापुरात दुसरा सापडणार नाही.

हप्ते निघत होते ते अंबरनाथच्या एका मंगल कार्यालयाच्या जोरावर. तिथलं सगळं डेकोरेशन पप्पांकडे असायचं. स्टेज, तोरणं, कमानी, सगळं. मग हॉल विकला गेला. नव्या मालकाने ते काम आपल्या मेव्हण्याला दिलं आणि पप्पांना ते कळवलं व्हॉट्सॲपवर, खाली हात जोडल्याचं चित्र टाकून. इतकी वर्षं ज्या दारात झेंडूची तोरणं बांधली, त्या दारातून एक फोन करावासा कुणाला वाटला नाही. पप्पांनी त्या मेसेजला उत्तर म्हणून अंगठा पाठवला. अंगठा! मी असते तर दुसरंच काहीतरी पाठवलं असतं.

पुढचे काही हप्ते मम्मीच्या पाटल्यांनी भरले, त्यापुढचे माझ्या पगाराने. मी अंबरनाथला एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तो पगार कितीसा पुरणार? मग मीच पप्पांना ओढत वकिलांकडे नेलं. वकील सरळ बोलले. म्हणाले, "हप्त्यांची योजना उत्पन्नावर उभी होती. उत्पन्नच गेलं, तर ती ओढत बसण्यात अर्थ नाही. कोर्टाला सांगू, झेपत नाही. योजना रद्द होईल. माल रिसीव्हरच्या ताब्यात जाईल, विकला जाईल, येईल ते घेणेकऱ्यांत वाटलं जाईल. मग तुम्ही मोकळे."

"पण मी देतोय ना?" पप्पा म्हणाले. "देईन ना मी."

"कशातून?" मी विचारलं.

"देईन."

हे 'देईन' आमच्या घरात आठवडाभर चाललं. मोकळं होणं हा शब्दच त्यांना सहन होत नव्हता. हप्ते भरणारा माणूस अडचणीत असतो, पण माल विकून मोकळा झालेला माणूस बुडालेला असतो, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सही केली ती पेन टेबलावर आपटून. वकिलांनी समजूत काढली की घरातली स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, मम्मीचं मंगळसूत्र, यातल्या कशालाही कोणी हात लावणार नाही. ते घरी येऊन सांगितलं तर मम्मी म्हणाली, "भांडी ठेवतायत हे बरंय. त्यांत शिजवायचं काय, तेवढं कोर्टाला विचारून या."

घरची भांडी वाचली. गावाची भांडी मात्र अडकली.

आमचं गाव बारवी धरणाच्या वाटेवर. पप्पांचा जन्म तिथला. गावात त्यांना देवराम कोणी म्हणत नाही, देऊ म्हणतात. तिथे गावकीची भांडी म्हणून एक प्रकार आहे. कधी वर्गणी काढून, कधी कुणी मेलेल्या आईच्या नावाने एखादा टोप देऊन, अशी ती पिढ्यान्‌पिढ्या जमत गेली. लग्न असो की मयत, कोणाच्याही घरी ती फुकट जातात. पूर्वी देवळामागच्या खोलीत असायची. ती खोली गळायला लागली तेव्हा गावकीने ती पप्पांकडे ठेवली, कारण शटरचं गोडाऊन असलेले गावातले ते एकटेच. जागेचं भाडं कोणी विचारलं नाही. कल्हई पप्पांनी करायची, नेआण पप्पांच्या टेम्पोतून व्हायची. गावकी फक्त जेवायची.

आणि नाव? एकदा वांगणीच्या एका लग्नात एक टोप दुसऱ्याच मंडपवाल्याच्या सामानात गेला. पप्पांनी स्वतःच्या पैशाने नवा टोप आणून दिला आणि ठरवलं की आता नाव घालून टाकायचं. पण कोणाचं? गावाचं म्हणावं तर वरची आळी म्हणाली आमच्या देवीचं घाला, खालची म्हणाली आमच्या मारुतीचं घाला. तीन बैठका झाल्या, एकदा कॉलर धरण्यापर्यंत गेलं. तेव्हा गावकीचे म्होरके आण्णा वैतागून म्हणाले, "देऊ, तुज्या पोरीचं घाल. पोरीवरनं कोन भांडनार?" मी तेव्हा रांगत होते. पप्पांनी सगळी भांडी टेम्पोत घालून उल्हासनगरला नेली आणि धंद्याला दिलेलं माझंच नाव घालून आणली. ही गोष्ट ते कोणालाही, कुठेही, रंगवून सांगायचे. मंगल कार्यालयात पंगत उठली की सांगायचे. कोर्टाच्या व्हरांड्यात शिपायालाही सांगितली होती.

रिसीव्हर येणार हे कळल्यावर मी त्यांना म्हटलं होतं, "पप्पा, त्यांची भांडी आजच्या आज त्यांच्या दारात टाकून या."

"वकील नको म्हणाले. माल हलवला तर गुन्हा होतो."

"तो आपला माल हलवला तर."

"मग चोरून कशाला द्यायचं? त्यांचीच आहेत ना? ते येतील, मॅडमच्या तोंडावर सांगतील, आणि दिवसाढवळ्या घेऊन जातील."

त्यांचा गावकीवर असा विश्वास होता. आणि नेमकी त्याच आठवड्यात राजाबाई गेली. राजाबाई म्हणजे पप्पांची आत्या. पप्पांची आई लवकर गेली, तेव्हापासून तिच्याच चुलीवर ते वाढले. तिच्या बाराव्याचं जेवण गावाला घालायचं होतं, त्यासाठी भांडी हवी होती. पप्पांनी आण्णांना फोन करून सगळं समजावून सांगितलं. कोर्टाची माणसं कधी येणार, काय म्हणायचं, सगळं. आण्णा म्हणाले, "येतो. बघू कोन हात लावतंय ते."

टेम्पो आला तेव्हा मॅडम ट्रसच्या नळ्यांपर्यंत पोचल्या होत्या. पुढून आण्णा उतरले, चालवणारा राजू उतरला, आणि मागून राजूची आई बनूबाई. गावात कुठलंही जेवण असलं की चुलाणावर बनूबाई उभी असते. डेगीत मीठ किती घालायचं हे तिला विचारून ठरतं. तिला बघून मला धीर आला. म्हटलं, आली आपली माणसं.

"तांब्याला हात लावायचा नाय," आण्णा शटरमधूनच ओरडले. "ती गावाची भांडी हायत."

मॅडम चिडल्या नाहीत. मला वाटलं होतं चिडतील. त्या वयाने माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, सकाळपासून उभ्या होत्या, आणि घामाने त्यांचा ड्रेस पाठीला चिकटला होता. त्यांनी आण्णांना खुर्ची दिली. आमचीच खुर्ची.

"आजोबा, तुमची असतील तर तुम्हालाच मिळतील," त्या म्हणाल्या. "गावकी रजिस्टर आहे का?"

"गावकीला कसलं रजिस्टर? गाव हाय ते."

"भांडी घेतल्याची पावती?"

"माझ्या आज्याच्या येलची भांडी. पावती कोन ठेवतंय?"

"बरं, नसू दे. मग गावातल्या कोणीही एकाने मला निवेदन द्या. नाव, पत्ता, आधार नंबर. ही भांडी गावाची आहेत, यांच्याकडे फक्त सांभाळायला होती, एवढंच लिहायचं आणि सही करायची. मी ती विक्रीतून बाजूला काढते. कोर्टाने बोलावलं तर एकदा येऊन हेच सांगायचं."

पप्पांचा चेहरा उजळला. "आण्णा, झालं की. दोन ओळी हायत," ते म्हणाले. गावची माणसं समोर आली की पप्पांची भाषा लगेच गावची होते. मी पर्समधून पेन काढून आण्णांपुढे धरलं.

आण्णांनी पेन घेतलं नाही.

"मी एकट्यानं कशी सही करू?" ते म्हणाले. "गावकी बसवावी लागंल."

"बसवा. विक्रीच्या आधी बसवा म्हणजे झालं," मॅडम म्हणाल्या.

"बाराव्याच्या आधी कशी बसंल? आन् बसली तरी वरची आली बोलंल खालच्या आलीनं सही करावी. परत ह्या कोर्टात कोन जानार? माझी पाऊलं सुजलेली असतात."

"मग यांनी करावी," मॅडमनी राजूकडे बोट केलं.

राजू दोन पावलं मागे सरला. खरंच सरला, मी बघितलं. "मॅडम, आपला टेम्पो फायनान्सवर हाय. ह्यांच्या कर्जात माझं नाव कागदावर आलं, आन् उद्या ह्यांच्या घेनेकऱ्यांनी मला धरलं तर?"

"असं होत नाही. तुम्ही जामीन राहत नाही आहात."

"असं सगलेच बोलतात."

आता मला हसू यायला लागलं, वाईट हसू. काल फोनवर गर्जना करणारी ही माणसं, आणि एका पेनाला भ्यायली होती. बँजो वाजत होता. शेठ घड्याळ बघत होते. पप्पा एकदा आण्णांकडे, एकदा राजूकडे बघत होते, आणि त्यांच्या ओठांवर अजून ते मघाचं हसू शिल्लक होतं. ते काढायला हवं हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मी देते आंगठा," बनूबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती डेगीला टेकून उभी होती. "मला म्हाईत हाय कुनाची भांडी हायत ती. माझ्या लग्नाचा भात हिच्यात शिजला. लिवा माझं नाव."

"चालेल," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

"आई, गप बस," राजूने तिचा दंड धरला. "समन्स आलं तर तुला कल्यानला कोन नेनार? मीच ना?"

"आन् बाई मानसाचं गावकीत कुठं नाव असतं का?" आण्णा म्हणाले. "उद्या लोक बोलतील, गावात बाप्ये मेलेले का?"

"मेलेलेच आहेत," मी म्हटलं.

"पोरीला गप कर, देऊ."

पप्पांनी मला गप केलं नाही. ते आण्णांच्या खुर्चीसमोर उकिडवे बसले. लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाले, "आण्णा, ऐका. आत्याचं जेवान हाय. सही करा. हे नाव घालायचं तुमीच बोल्लेले. आठवतंय ना? बैठकीत. पोरीवरनं कोन भांडनार, बोल्लेले."

आण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं. ते मी शपथेवर सांगेन, कोर्टात सांगेन, कुठेही सांगेन. त्यांच्या डोळ्यांत ते आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"मी? मी कवा बोललो?" ते म्हणाले. "तुला हौस व्हती. गावाच्या भांड्यांवर पोरीचं नाव घालून मिरवलास, आमी काय बोललो नाय. आता तुजं दिवालं निघालं, त्यात आमची पन भांडी घातलीस. सगल्यांसमोर सांगतो. चोर हायस तू, देऊ."

माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. इतकी वर्षं जागेचं भाडं कोणी भरलं, कल्हईवाल्याला कोणी आणलं, आण्णांच्या तिन्ही मुलांच्या लग्नात मंडप फुकट कोणी घातला, आणि घातला तर पंगतीत पप्पांना आग्रह करायला तरी कोणी आलं होतं का, हे सगळं मी विचारलं. आण्णा भिंतीकडे बघत राहिले. राजू टेम्पोच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मॅडम मला थांबवत नव्हत्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि वाट बघत राहिल्या.

पप्पा उठले. गुडघ्यांवरची धूळ झटकली.

"मॅडम," ते म्हणाले, "लिहा. माझी आहेत."

"विचार करून बोला. मघाशी तुम्ही—"

"मघाशी चुकलो. शटर माझं. भाडं माझं. कल्हई माझी. नाव माझ्या मुलीचं. दुसरा कोणी धनी समोर आहे का? नाही ना? मग माझी. लिहा."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. जन्मात पहिल्यांदा माझा बाप कोणाला तरी उलटून बोलला होता. ज्याने मेव्हण्याला काम देणाऱ्याला अंगठा पाठवला, घेणेकऱ्यांना चहा पाजला, त्याला शेवटी एकदाचा राग आला होता. आण्णांचं तोंड उघडं पडलं. "घाल तांबं तुज्या..." असं काहीतरी म्हणत ते उठले, आणि खुर्ची मागे कलंडली. ती कोणी उचलली नाही.

टेम्पो रिकामाच परत गेला. जाताना बनूबाईने डेगीच्या काठावरून एकदा हात फिरवला आणि पप्पांकडे न बघता बाहेर पडली. मॅडमनी सगळं लिहून घेतलं, शटर ओढलं, कुलपावर लाख लावून सील केलं. शेठ जाता जाता पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देवरामभाई, धंदा है. दिल पे मत लेना." चांगला माणूस असावा. मला मात्र तो हात झटकून टाकावासा वाटला.

घरी आल्यावर मी सगळं मम्मीला सांगितलं, आण्णांच्या नकलेसकट. मम्मी म्हणाली, "बरं केलंत. एकदाचं केलंत." तिने पिठलं-भात वाढला. पप्पांनी भात कालवला आणि तसेच बसून राहिले.

"आता काय झालं?" मम्मीने विचारलं.

"आत्याचं जेवण कशात शिजणार?"

"शिजवतील कशात तरी. नाहीतर उपाशी बसतील. मला काय त्याचं?"

"तिच्या जेवणाची भांडी मी विकली, रंजना."

"तुम्ही विकलीत? त्यांनी विकली. एक सही करायला त्यांचे हात झडले."

"लिहा म्हणून मी म्हटलं," पप्पा म्हणाले आणि ताटावरून उठले.

मला इतका संताप आला की मी त्यांचं ताट उचलून मोरीत आदळलं. चोर म्हणून घ्यायचं ह्यांनी आणि वाईटही ह्यांनीच वाटून घ्यायचं. मग आण्णांनी काय करायचं? मी त्यांना हेही सुनावलं. दुसऱ्या दिवशी वकिलांना फोन करून विचारलं, शब्द मागे घेता येईल का. वकील म्हणाले, दावा करणारा माणूस आणा, मग बघू. पप्पांनी गावात तीन-चार फोन लावले. कोणी उचलला नाही. बनूबाईचा फोन राजूकडे असतो.

बाराव्याला मम्मी आली नाही. "नवऱ्याला चोर म्हणणाऱ्यांच्या दारात माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही," असं म्हणून तिने दार लावून घेतलं. मीही जाणार नव्हते. पण पप्पा पांढरा शर्ट घालून एकटेच जिना उतरायला लागले, तेव्हा मला राहवलं नाही. स्कूटर मी चालवली. बारवीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी त्यांना बोलत होते की चला मागे, अजून वेळ आहे.

राजाबाईच्या अंगणात अंबरनाथच्या कुठल्याशा डेकोरेटरचा मंडप होता. भांडी त्याचीच आली होती, स्टीलची आणि जर्मनची, भाड्याने. आम्हाला कोणी या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. आण्णा आम्हाला बघून पाण्याच्या पिंपाकडे निघून गेले. पप्पांनी आत्याच्या फोटोला हार घातला, पाया पडले, आणि पंगत बसत होती तिथे जाऊन बसले. मी त्यांच्या डावीकडे बसले. उजवीकडची पत्रावळ रिकामीच राहिली. तिच्या पलीकडे माणसं बसली, दाटीवाटीने बसली, पोरं मांडीवर घेऊन बसली, पण त्या पत्रावळीवर कोणी आलं नाही. वाढणारा पोरगा तिच्यावरही भात वाढून गेला आणि तो तसाच राहिला.

मी एक घासही खाल्ला नाही. पप्पांनी सगळं खाल्लं. डाळ पुन्हा मागून घेतली.

पंगत उठल्यावर मी स्कूटरची किल्ली काढली. पप्पा दिसेनात. घराच्या मागे बोअरवेलपाशी खरकट्या टोपांचा ढीग पडला होता आणि बायका राखेने घासत बसल्या होत्या. त्यांच्यात पप्पा होते. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून त्यांनी सगळ्यात मोठा टोप आडवा पाडला होता आणि अर्धे आत जाऊन तळाचा करपलेला भात खरवडत होते. गप्पा बंद पडल्या होत्या. एक बाई उठून निघून गेली. बनूबाई मात्र तिथेच होती. तिने राखेची पाटी त्यांच्या बाजूला सरकवली.

"पप्पा, उठा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि तो चढू दिला. "त्यांची भांडी कशाला घासताय तुम्ही? अजून काय काय म्हणून घ्यायचंय ह्यांच्याकडून?"

अंगणातून दोन-चार माणसं डोकावली. त्यांत राजू होता, त्याच्यामागे आण्णाही. पप्पांनी टोपातून डोकं बाहेर काढलं. त्यांच्या कपाळाला राख लागली होती.

"आत्याच्या जेवणाची आहेत," ते म्हणाले. "पाणी ओत."

मी तशीच उभी राहिले. सगळे बघत होते. त्यांच्यातल्या एकेकाला मी काय म्हणू शकले असते, ते सगळं तोंडात आलं होतं.

मग मी बादली उचलली आणि पाणी ओतायला लागले.